हत्तीवरचा सेनापती आणि तारेवरचा हुकूम

लढाईच्या दिवशी सेनापतीने कोठे बसावे? प्रश्न पोरकट वाटेल. पण ‘भाऊसाहेबांची बखर’ शिकवणाऱ्याला तो चुकवता येत नाही. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचे पाय निघाले, असे बखरकार सांगतात. मुलांना ह्यात भाऊंची चूक दिसते. मला त्यात दुसरेच काही दिसते. दीड-दोन कोसांवर पसरलेल्या फौजेला आपला धनी जिवंत आहे की नाही हे कळायचे साधन त्या दिवशी एकच होते, आणि ते म्हणजे तो हत्ती. अंबारी भरलेली, तोवर ‘लढा’. अंबारी रिकामी, की ‘संपले’. एवढी दोनच वाक्ये बोलता येणारे ते तारायंत्र होते म्हणा ना!

मी शिपाईगडी नव्हे. मराठीचा प्राध्यापक, बखरी आणि पेशवाईतली पत्रे शिकवून पोट भरणारा. तेव्हा युद्धशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? एवढाच, की पत्रे वाचता वाचता एक गोष्ट मनात घर करून बसली. सेनापती शूर होता की भेकड, शहाणा होता की हट्टी, ह्याचा खल आपण पिढ्यान् पिढ्या करतो. पण त्याला बातमी केव्हा कळली आणि त्याचा हुकूम कोणापर्यंत केव्हा पोचला, हे मात्र सहसा विचारीत नाही. आणि हा प्रश्न विचारायला आमच्या मराठवाड्याइतकी चांगली जागा नाही. उदगीर आमचे, नांदेड आमचे, आणि १९४८ चे ते पाच दिवसही आमचेच.

उदगीरचा भुईकोट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचा खंदक आठवेल. आज ते लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे, बिदरच्या वाटेवरचे. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाची फौज ह्या मुलखात कोंडली. सलाबतजंग आणि निजामअली हे दोघे भाऊ उदगीरहून औशाच्या रोखाने सरकू पाहत होते, आणि मराठ्यांचे घोडदळ त्यांना चहूकडून टोचीत होते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी उरलेले काम केले. ३ फेब्रुवारीची झुंज निर्णायक ठरली आणि निजामाने साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख, शिवाय दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठिकाणे देऊन तह केला.

ह्या मोहिमेत भाऊंचे सगळे काही जमले. का जमले ह्याची कारणे इतिहासकार देतात, ती खरीच आहेत. पण एक कारण फारसे कोणी देत नाही. नानासाहेब पेशवे त्या वेळी नगरच्या बाजूला होते. भाऊंचा जासूद निघाला तर काही दिवसांत उत्तर घेऊन परत येत होता. पैसा, दाणागोटा, सल्ला, सारे हाकेच्या नव्हे तरी जासुदाच्या टप्प्यात होते. मुलूखही ओळखीचा. नदी कोठे उतरते, चारा कोठे मिळतो, हे गावचा पाटील मराठीत सांगत होता.

आता दुसरी बाजू पाहा. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारीची. दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले ते १० जानेवारीला. म्हणजे आमच्या ह्या मुलखात तोफा चालू होत्या तेव्हा दत्ताजी जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि दक्षिणेत कोणाला त्याचा पत्ता नव्हता. बातमी यायला महिना लागला. मग परतूरला, आजच्या जालना जिल्ह्यात, मसलत बसली आणि मार्चच्या मध्याला भाऊ उत्तरेकडे निघाले. विजयाच्या ऐन धुंदीत ते निघाले असे म्हणतात. मला वाटते, महिनाभर शिळ्या बातमीवर ते निघाले, हे अधिक खरे.

त्या काळची डाक कशी चाले हे थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या मुलांना त्याची कल्पना करता येत नाही. पत्र लिहून लखोटा बंद झाला की तो जासुदाच्या हाती पडे. जासूद बहुधा जोडीने निघत. घाईचे काम असले तर सांडणीस्वार. एकच मजकूर दोन वाटांनी दोन जोड्यांकडून पाठवायचा, म्हणजे एक पकडली गेली तरी दुसरी पोचेल, ही काळजी मुरब्बी कारभारी घेत. जासूद नुसता ओझेवाला नसे. वाटेत काय पाहिले, कोणाची छावणी कोठे आहे, धान्याचा भाव काय, हे तो तोंडी सांगे, आणि पुष्कळदा लखोट्यापेक्षा ती तोंडी बातमीच मोलाची ठरे. पेशव्यांच्या पत्रांत ‘जासूद सांगेल’ अशा अर्थाचे काही दिसले, की समजावे की खरा मजकूर कागदावर नाहीच.

भाऊंनी उत्तरेतून गोविंदपंत बुंदेल्यांना पाठवलेली पत्रे वाचताना जीव कासावीस होतो. पैसा पाठवा, नावा जमवा, अब्दालीची रसद मारा, त्याच्या मागे उपद्रव करा. पुन्हा तेच, आणखी तेच. वाचकाला वाटते, भाऊ किती कटकट करतात! पण मधले अंतर लक्षात घ्या. पत्र गेले की पोचले कळत नाही. पोचले तर काम झाले की नाही कळत नाही. जे दिसत नाही त्याचाच धोशा माणूस लावतो. बिचारे गोविंदपंत उतारवयातले गृहस्थ, महसुलातले तरबेज. त्यांना हिशेब विचारायचा सोडून लढाई मागितली जात होती. डिसेंबरात अब्दालीच्या स्वारांनी त्यांना गाठून मारले, आणि भाऊंच्या हातातला तोही दोर तुटला.

त्याआधीच मोठा घाला पडला होता. १७ ऑक्टोबरला भाऊंनी कुंजपुरा घेतला. अब्दाली यमुनेच्या पलीकडे अडकलेला, नदी फुगलेली, असा हिशेब होता. २५-२६ ऑक्टोबरच्या सुमारास तो बागपताजवळ नदी उतरून आला, तो थेट भाऊ आणि दिल्ली ह्यांच्यामध्ये. एक नदी, एक उतार, आणि तेथे डोळे लावून बसलेली पुरेशी माणसे नाहीत. तेव्हापासून अडीच महिने पानिपतच्या छावणीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद आणि आत येणारा प्रत्येक रुपया शत्रूच्या नजरेखालून जाऊ लागला. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून निघालेली खजिन्याची एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून अफगाणांच्या गोटात शिरली. त्यांनी मराठीत हाका मारल्या, आणि त्या हाकांनीच ती उघडी पडली, असे सांगतात. मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही हकीकत वाचवत नाही.

१४ जानेवारी १७६१ ला काय झाले हे नव्याने सांगायला नको. एवढेच पाहू, की हुकमाचे काय झाले. बेत गोलाचा होता. तोफा आणि गारदी ह्यांच्या आधाराने सगळी फौज एकत्र राखून सरकायचे. गोल म्हणजे शिस्त, आणि शिस्त म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्यासाठी थांबणे. डाव्या बाजूला गारद्यांच्या तोफा रोहिल्यांना भाजून काढीत असताना विंचूरकर आणि गायकवाड ह्यांचे घोडदळ जागा सोडून पुढे धावले, आणि आपलेच स्वार मध्ये आले म्हणून इब्राहिमखानाला तोफा आवराव्या लागल्या. त्या स्वारांना माघारी कोणी, कसे बोलवावे? धूळ, धूर, तोफांचा आवाज. भाऊ मध्यभागी, हत्तीवर. हुकूम द्यायचा तर स्वार पाठवायचा, आणि तो पोचेपर्यंत पारडे फिरलेले.

आणि अब्दाली? काशीराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा दक्षिणी ब्राह्मण. तो त्या दिवशी अफगाणांच्या बाजूला होता आणि पुढे त्याने सारी हकीकत फारसीत लिहून ठेवली. त्यावरून दिसते, की अब्दाली लढाईच्या तोंडावर नव्हताच. मागे तंबू ठोकून होता. पुढून बातम्या येत होत्या. दुपारी त्याचा वजीर हातघाईवर आला, अफगाण पळू लागले, तेव्हा त्याने पळणाऱ्यांना अडवून परत हाकलण्यासाठी आपले नसकची स्वार पाठवले आणि राखीव फौज पाहिजे तेथे घातली. मराठ्यांचा सेनापती आपल्या माणसांना दिसत होता. अफगाणांचा सेनापती आपल्या माणसांना पाहत होता. भाऊंच्या शौर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही; पण त्या दिवशी त्यांनी स्वतःला निशाण करून घेतले, आणि निशाणाला राखीव फौज हलवता येत नाही.

नानासाहेब ह्या वेळी मदतीला म्हणून उत्तरेकडे निघालेच होते. २४ जानेवारीला भेलशाजवळ त्यांना बातमी लागली, ती सरकारी जासुदाकडून नव्हे. सावकारांच्या आपसांतल्या पत्रातून लागली. मोती, मोहरा अशा खुणेच्या भाषेत लिहिलेले ते पत्र. दहा दिवसांत. अटकेपर्यंत गेलेल्या राज्यापेक्षा सावकाराची डाक चलाख होती! ह्यावर माझे एक इतिहासप्रेमी मित्र म्हणतात, ‘त्या काळी टेलिफोन असता तर पानिपत झालेच नसते.’ मला हे पटत नाही. टेलिफोन असता तर काय झाले असते, ह्याचा नमुना आपल्याच देशात पुढे पाहायला मिळाला. त्याकडे येतोच. पण त्याआधी उदगीरवरून नांदेडला जाऊ. काळानेही पन्नास वर्षे मागे.

१७०८ साली गुरु गोविंदसिंग बादशहा बहादुरशहाच्या स्वारीबरोबर दक्षिणेत आले आणि गोदावरीच्या काठी नांदेडला राहिले. येथेच त्यांची माधोदास नावाच्या बैराग्याशी गाठ पडली, आणि हा बैरागी बंदासिंग झाला. नांदेडकरांना बंदाघाट माहीत आहे. सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून येणारे यात्रेकरू तेथेही जातात. लढाई करायची होती ती पंजाबात, शेकडो कोसांवर. गुरु स्वतः जाऊ शकत नव्हते; त्याच वर्षी, ७ ऑक्टोबरला, नांदेडलाच त्यांचा अंत झाला.

त्यांनी बंदासिंगाबरोबर काय दिले? शीख परंपरा सांगते ती यादी पुन्हा पुन्हा मनात घोळवावी अशी आहे. पाच बाण. एक निशाण. एक नगारा. पंजाबातल्या शिखांना ह्याच्या झेंड्याखाली जमा म्हणून लिहिलेली हुकुमनामे. सल्ल्याला पाच निवडक शीख आणि बरोबर थोडकी माणसे. एवढेच. कोणत्या दिवशी कोठे मुक्काम करायचा, कोणता किल्ला आधी घ्यायचा, ह्याचा एक चिठोराही नाही. हुकुमनामे पुढे गेली, माणसे जमत गेली. १७०९ च्या अखेरीस समाना पडले, १७१० च्या मे महिन्यात सरहिंद. हुकूम देणाऱ्याला जाऊन तोवर दीड वर्ष उलटले होते.

भक्तिभाव बाजूला ठेवून नुसत्या कारभाराच्या नजरेने पाहिले तरी ही रचना थक्क करणारी आहे. ज्याला विचारायला परत येता येणार नाही, त्याला काय दिले म्हणजे विचारायची गरज पडणार नाही, हे आधीच ठरवलेले. हेतू स्पष्ट. अधिकार लेखी. निशाण आणि नगारा, म्हणजे दुरून दिसेल आणि दुरून ऐकू येईल अशी ओळख. आणि एकट्याच्या डोक्यात वारे शिरू नये म्हणून पाच जणांचा सल्ला. हा लगाम पुढे कितपत टिकला ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ते असोत.

मग तार आली. तारेने पहिला मोठा चमत्कार आपल्याच विरुद्ध दाखवला. ११ मे १८५७ ला दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला बातमी गेली, तेथून लाहोरला. लाहोरला रॉबर्ट मॉन्टगोमेरी होता. त्याचा वरिष्ठ जॉन लॉरेन्स रावळपिंडीकडे. मॉन्टगोमेरीने कलकत्त्याच्या परवानगीची वाट पाहिली नाही. १३ मे रोजी सकाळी मियांमीरच्या छावणीतल्या हिंदी पलटणींची हत्यारे ठेवून घेतली गेली. तारेने इंग्रज वाचले, असे सगळे म्हणतात. अर्धेच खरे. तारेने बातमी दिली. वाचवले ते वरचा हुकूम न मागणाऱ्या माणसाने.

त्याच तारेचे दुसरे टोक दोन वर्षे आधी क्रिमियात दिसले होते. १८५५ मध्ये समुद्रातून तार टाकून लंडन आणि पॅरिस थेट रणभूमीला जोडले गेले. सेनापतींना वाटले असेल, आता दारूगोळा वेळेवर येईल. आल्या त्या चौकश्या आणि सूचना. तिसरा नेपोलियन पॅरिसमध्ये बसून वेढा कसा द्यावा हे आपल्या सेनापतीला तारेने शिकवू लागला. राजवाड्यात बसलेल्या माणसाला एकदा रणभूमीशी बोलता येऊ लागले, की तो गप्प कसा बसणार!

आमच्या भागाने आधुनिक फौजेचा हुकूम कसा चालतो ते पाहिले १९४८ च्या सप्टेंबरात. १३ तारखेच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरींचे सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. दुसऱ्या बाजूने औरंगाबाद, जालना. १५ तारखेला लातूरकडे, मग मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई. एकाच वेळी अनेक दिशांनी निघालेल्या तुकड्या, रणगाडे, वर विमाने, आणि ह्या सगळ्यांना एका सूत्रात बांधणारे बिनतारी संदेश. १७ तारखेला निजामाने रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली आणि विखुरलेल्या ठाण्यांना लढाई संपल्याचे एकाच संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी अल् इद्रूस ह्यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांत सगळे आटोपले.

सगळे आटोपले असे आम्ही म्हणतो खरे. पण हुकूम रेडिओवरून जेथवर गेला तेथवरच तो गेला. रझाकारांनी गावोगाव केलेला छळ लोकांच्या अंगावर ताजा होता, आणि त्याची परतफेड पुढच्या आठवड्यांत पुष्कळ ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांना करावी लागली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत अधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, बिदर आणि नांदेड हे तीन होते, चौथा गुलबर्गा. त्या वेळी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि उदगीर बिदरमध्ये. तो अहवाल सामान्य वाचकाच्या हाती पडायला २०१३ साल उजाडले. ब्रिगेडला बिनतारी यंत्र होते, गावाला नव्हते. विजयी सेनापतीचा शब्द कोणत्या वेशीपाशी थांबला, हा हिशेब आम्ही मराठवाड्यातल्या लोकांनी मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत क्वचितच केला आहे.

आता मघाचा टेलिफोन. १९६२ साली नामका चू नावाच्या ओढ्याकाठी ब्रिगेडियर जॉन दळवी आपली ७ वी ब्रिगेड घेऊन बसले होते. उंच डोंगर, थंडीचे कपडे अपुरे, तोफा नावाला, वरच्या उतारावर चिनी. आणि दिल्लीत नकाशावर बोट ठेवून चौक्या ठरत होत्या. पुढे १९६९ मध्ये दळवींनी ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिले. मराठी वाचकाने ते एकदा वाचावेच. कोणते ठाणे धरायचे, कोणते सोडायचे नाही, हे जागा न पाहिलेले लोक कसे ठरवीत होते, ते त्यात आहे. कोअर कमांडर जनरल कौल आजारी पडून १८ ऑक्टोबरला दिल्लीला गेले, आणि तेथून बिछान्यावरूनच मोहीम चालवीत राहिले. भाऊंना जे कधीच मिळाले नाही ते कौलांपाशी होते. पानिपताहून पुण्याला विचारता आले नाही. येथे दिल्लीहून ओढ्यापर्यंत सांगता येत होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या, ब्रिगेडच्या टेलिफोनच्या तारा तुटल्या, पलटणी एकमेकींपासून अलग पडल्या. मग ज्या ठाण्यांची जागा दिल्लीने ठरवली होती ती ठाणी ज्याने त्याने आपापल्या जिवावर लढवली. दळवी दोन दिवसांनी कैद झाले.

ह्याच्या उलट चित्र तीनच वर्षांनी दिसले, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले. दुपारी सेनाप्रमुख हवाई दलाची मदत मागायला संरक्षणमंत्र्यांकडे आले. हे सेनाप्रमुख म्हणजे नळदुर्गावरून आमच्याकडे आलेले तेच चौधरी. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. फाइल फिरवीत न बसता यशवंतरावांनी होकार दिला आणि त्याच संध्याकाळी विमाने छांबवर होती. कोणते विमान कोठून उडावे हे त्यांनी विचारले नाही. होय म्हणायचे ते लवकर म्हणायचे, आणि म्हटल्यावर बाजूला व्हायचे.

गंमत अशी, की त्याच युद्धात चौधरींची पाळी दुसऱ्या बाजूने आली. खेमकरणच्या आघाडीवर परिस्थिती बिकट दिसली, तेव्हा फौज बियास नदीमागे घ्या असे चौधरींनी आपल्याला सुचवले, आणि आपण ते मानले नाही, असे पश्चिम आघाडीचे सेनापती हरबक्षसिंग ह्यांनी आठवणींत लिहिले आहे. ह्यावर वाद आहे. पण असल उत्तरला रणगाड्यांचे जे स्मशान झाले ते बियासच्या अलीकडे, अमृतसर न सोडता झाले, ह्यावर वाद नाही. लांबच्या माणसाला संकट पुष्कळदा मोठे दिसते.

यंत्रे पुढे वाढतच गेली. व्हिएतनाममध्ये एक लेफ्टनंट झाडीत लढतोय, त्याच्या डोक्यावर हेलिकॉप्टरमध्ये त्याचा कर्नल, त्याच्यावर ब्रिगेडियर, त्याहून वर जनरल, आणि सगळे एकाच वेळी त्याला रेडिओवरून सूचना देताहेत, अशी तक्रार अमेरिकनांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. २०११ च्या मे महिन्यातले, अबोटाबादच्या छाप्याचे, ते छायाचित्र वाचकांनी पाहिले असेल. अमेरिकेचा अध्यक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसलेला, मुख्य जागेवर एक गणवेशातला अधिकारी यंत्रापुढे, आणि सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. हजारो मैलांवरचा छापा डोळ्यांपुढे चाललेला. मला त्या चित्रात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ती कोपऱ्यातली खुर्ची. पाहता सगळे येत होते. तरी मोहीम चालवणारा ॲडमिरल अफगाणिस्तानात होता, आणि चालवीत तोच होता. असा संयम प्रत्येक राज्यकर्त्याला साधेल ह्याची खात्री कोण देईल? युक्रेनच्या युद्धात २०२२ पासून खंदकातल्या शिपायावर घिरट्या घालणारा ड्रोन त्याचे चित्र मागच्या ठाण्यात नेतो. आणि शत्रूने लहरी दाबल्या की तेच चित्र क्षणात काळे होते. म्हणजे एका तासात तो शिपाई कौलांच्या हाताखाली असतो आणि पुढच्या तासात भाऊंसारखा एकटा.

हे सगळे पुस्तकी झाले, असे वाचक म्हणतील. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी सुटीवर आला होता. उदगीर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. फौजेत सिग्नल्समध्ये हवालदार आहे, शिक्षण जबलपूरला झालेले. सिग्नल्सचे ब्रीदच ‘तीव्र चौकस’. बी.ए.ला असताना तो बखरीच्या तासाला डुलक्या घेत असे. आता मात्र किल्ल्याच्या बुरुजावर बसून त्याने मला तासभर शिकवले. कोठे होता, कोणते यंत्र होते, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. पण सरावात मुद्दाम सगळे संच बंद करायला लावतात, एवढे तो बोलला.

“मग काय करता?” मी विचारले.

“काय करणार सर, जे ठरलंय ते. निघायच्या आधी साहेब हुकूम सांगतात ना, त्यात उद्दिष्ट दोनदा वाचतात. एकदा वाचलं, की पुन्हा तेच, शब्दाला शब्द. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आपण काय बहिरे हाव का? मग रात्री संच बंद झाला तवा कळलं. बाकी समदं इसरलं तरी तेवढं डोक्यात ऱ्हातं.”

“आणि मागे कळवायचे असले तर?”

“रनर. चालत.”

मग मी त्याला जासुदांचे सांगितले. उदगीरहून नगरकडे लखोटा घेऊन निघणारी जोडी, एकच मजकूर दोन वाटांनी जाण्याची रीत. तो लक्ष देऊन ऐकत होता. वर्गात इतके लक्ष त्याने कधी दिले नव्हते. खाली खंदकात कोणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. थोड्या वेळाने तो म्हणाला, “आमच्यातबी रनर दोघंच धाडतात सर. एकट्याला नाही सोडत.” आणि घड्याळ पाहून उठला; साडेपाचची एस.टी. त्याला गाठायची होती.